बाबूचा वाटो: एका विशेष शाळेतलं प्रकरण

८ ऑगस्ट २०२४, गुरुवार. सकाळी साडेअकराच्या सुमारास आमच्या मोठ्या खोलीत नऊ मुलं सतरंजीवर राख्या करत बसली होती. बाहेर पाऊस कोसळत होता, म्हणून दारं लोटून घेतलेली. बाबूने हातातला मण्यांचा ट्रे उलटा केला, स्वतःचं मनगट चावलं आणि शेजारी बसलेल्या नऊ वर्षांच्या मुलीचा दंड धरून तिथेही चावला. दात कातडीत रुतले. मावशींनी त्याला ओढून बाजूला घेतलं तेव्हा तो पूर्ण शांत होता, जणू काही झालंच नाही. मुलगी मात्र संध्याकाळपर्यंत हुंदके देत होती.

त्याला इथे मी बाबू म्हणते. मालवणकडे दर दुसऱ्या घरात एक बाबू असतो, त्यामुळे ओळख पटायची भीती नाही.

आमची शाळा मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात, भाड्याच्या कौलारू घरात भरते. चार खोल्या, पडवी, पुढे खळं आणि मागे अकरा माड. पटावर तेव्हा बावीस मुलं होती, सहा ते सतरा वयाची. दोन विशेष शिक्षिका (त्यातली एक मी), एक मावशी, व्हॅनचा चालक, आणि पंधरा दिवसांतून एकदा येणारी वाचा-उपचारतज्ज्ञ. अनुदान नाही. पुनर्वास परिषदेची, म्हणजे विशेष शिक्षकांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेची, नोंदणी असलेले शिक्षक या पगारात टिकत नाहीत. फीमधून व्हॅनचं डिझेल आणि घरभाडं निघतं, बाकीच्यासाठी राख्या, पणत्या, आकाशकंदील. राख्यांचा उल्लेख मुद्दाम करते आहे. त्या वर्षी आम्ही चारशे राख्यांची ऑर्डर घेतली होती, आणि माझी नजर मुलांपेक्षा त्या चारशेवर जास्त होती.

बाबू तेव्हा पंधरा वर्षांचा. ऑटिझम आणि मध्यम बौद्धिक अक्षमता. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आहे. नवव्या वर्षी आमच्याकडे आला, त्याआधी गावच्या शाळेत शेवटच्या बाकावर दोन वर्षं नुसता बसून होता. उंची माझ्यापेक्षा हातभर जास्त. बोलण्यात सहा-सात शब्द, तेही सगळे मालवणी: आये, व्हया (हवं), नको, जाला (झालं), असे. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा त्याचं बरं चाललं होतं. मनगट चावणं जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झालं. आता मागे वळून बघताना कळतं की राख्यांचा कच्चा माल २२ जुलैला आला होता. तेव्हा ही जोड कुणाच्याही डोक्यात आली नाही.

कारणं सुचवणाऱ्यांची मात्र कमी नव्हती. "वयात आलाय." "पाऊस लागला की ही मुलं बिथरतात." एका आजोबांनी गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायला सांगितलं, ते त्याच्या आईने घातलंही. त्यात मला गैर वाटत नाही, आईला त्या रात्री झोप लागली हेही कमी नाही. मी माझ्या परीने दुखण्याचा मार्ग धरला. बोलता न येणाऱ्या मुलाचं वागणं अचानक बदललं की आधी दात, कान, पोट बघायचे, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. १४ ऑगस्टला दुपारी दंतवैद्याकडे नेलं. खालच्या दाढेत कीड निघाली, ती भरून घेतली. पुढचे पाच दिवस एकही चावा नाही. मी सुटकेचा श्वास टाकला. पण ते पाच दिवस म्हणजे स्वातंत्र्यदिनाचं झेंडावंदन, मग जोडून दिलेली सुट्टी, शनिवार, रविवार आणि नारळी पौर्णिमा. मुलगा वर्गात बसलाच नव्हता! २० तारखेला शाळा भरली आणि अकराच्या ठोक्याला मनगट पुन्हा तोंडात. राख्या संपल्या होत्या, आता गणपतीच्या मखराची कागदी फुलं चालू होती.

माझी खरी चूक मात्र याच्याही आधीची. त्या मुलीला चावा बसला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नियम केला: बाबूने चावलं की घरी फोन, आई येऊन घेऊन जाणार. बाकीच्या पालकांना काहीतरी केलेलं दिसायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तो वर्गातून गेला की हायसं वाटायचं.

१२ तारखेपासून आम्ही वही घातली होती. तीन रकाने: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. विशेष शिक्षणाच्या पदविकेत ही पद्धत सगळेच शिकतात, आणि नोकरीला लागल्यावर सगळेच टाळतात, कारण धावपळीत लिहायला हात मोकळा नसतो. माझ्या सहकारी बाईंनी ती नेटाने लिहिली. त्यातली एक नोंद जशीच्या तशी:

"२१ ऑगस्ट, ११.२०. आधी: पाकळ्या कापायला कागद व कात्री दिली, आधीचा गठ्ठा नुकताच संपवला होता. केलं: मनगट चावलं, कात्री फेकली. नंतर: कात्री उचलली, पडवीत नेलं, आईला फोन."

सात दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्यातल्या नऊ हातकामाच्या तासातल्या. २३ तारखेच्या रात्री मी तिसरा रकाना वरून खाली वाचला आणि माझंच हसू आलं, तेही कडू. आईला फोन. आईला फोन. आईला फोन. मुलगा अडाणी नव्हता. मणी आणि कागदातून सुटायचा रस्ता मीच त्याला घालून दिला होता, आणि तो रस्ता दातांतून जात होता.

यात नवं काही नाही. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९८५ चा अभ्यास या क्षेत्रात अजून शिकवला जातो. काही मुलं काम अवघड झालं की त्रास द्यायची, काही मुलं मोठ्यांचं लक्ष कमी झालं की. पहिल्यांना "मला समजत नाही" असं म्हणायला शिकवलं, दुसऱ्यांना "मी चांगलं काम करतोय ना?" असं विचारायला. शब्द मिळाले तसा त्रास कमी झाला. हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. माझ्याच खोलीत घडत असताना ओळखायला दोन आठवडे गेले.

२४ ऑगस्टला पालकसभा घेतली. त्या मुलीची आई आधीपासून उभीच होती. "बाई, आज हात आसा. उद्या डोळो गेलो तर तुमी भरून देतलात?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणखी तीन पालकांनी बाबूला काढा असं स्पष्ट सांगितलं. एकाने कायद्याचं विचारलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पण पसंती करायला दुसरी शाळा तर हवी. इथून ती दोन एसट्या बदलून गाठावी लागते, आणि बाबूसारख्या मुलाला दोन एसट्या म्हणजे रोजची लढाई. मोफत या शब्दावर तर आमच्यासारख्या विनाअनुदानित शाळेने बोलूच नये. कायदा आमच्या बाजूने की विरुद्ध, यावर अर्धा तास गेला. तो अर्धा तास फुकट गेला असं माझं मत.

बाबूचे वडील दाराशी उकिडवे बसले होते. ते सभांना येत नाहीत, आले तरी बोलत नाहीत. सगळे थकल्यावर ते म्हणाले, "बाई, तो माज्यावांगडा रापणीर येता. दोन दोन तास दोरी ओढता. थंय तो कोणाक चावणा नाय. हंय त्येका काय जाता?" म्हणजे रापणीवर, किनाऱ्यावरून दोरीने मोठं जाळं ओढायच्या कामावर, तो वडिलांबरोबर जातो आणि तिथे कुणाला चावत नाही.

मी मूळची घाटावरची. इथे येऊन अकरा वर्षं झाली, मालवणी कळते, बोलताना मात्र अजून घाटावरची निघते. पण हे वाक्य मला भाषेमुळे नव्हे, त्यातल्या माहितीमुळे दोनदा विचारावं लागलं. दोन तास? माझ्या प्रगतीपत्रकात त्याच महिन्यात मी लिहिलं होतं: एका कामावर लक्ष टिकण्याचा काळ, ४ मिनिटं.

"वाटो पण गावता त्येका," वडील पुढे म्हणाले. "पुरो वाटो." वाटो म्हणजे मिळालेल्या माशांतला वाटा, तो त्याला पुरा मिळतो.

सभेत ठरलं ते एवढंच: गणपतीच्या सुट्टीपर्यंत बाबूला हातकामाच्या तासातून बाहेर ठेवायचं, घरी फोन बंद, आणि सुट्टीनंतर पुन्हा बसायचं. मुलीच्या आईने मान हलवली नाही.

रापण बघायला मी सप्टेंबरच्या शेवटी गेले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. रापण त्यात येत नाही, पण उधाणलेल्या दर्यात जाळं टाकणार कोण? नारळी पौर्णिमा झाली, गणपती गेले, पाणी निवळलं की मगच ती लागते. म्हणजे जून ते सप्टेंबर बाबूच्या हाताला दोरी नव्हती, फक्त मणी होते.

होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून आली होती. दोन्ही टोकांच्या दोऱ्या वाळूत, दोन्हीकडे पंधरा-वीस माणसं. बाबू डाव्या रांगेत शेवटून तिसरा. पाठ समुद्राकडे नाही, तोंड समुद्राकडे, आणि मागे मागे चालत ओढणं. रांगेच्या शेवटी पोचलेला माणूस दोरी सोडतो, वेटोळं घालणाऱ्याकडे एक नजर टाकतो आणि चालत पाण्याजवळ जाऊन पुन्हा पुढची जागा धरतो. बाबू हे न सांगता करत होता. पुढे कुणी रेंगाळला तर थांबत होता. "आपली पाळी येईपर्यंत थांबतो" या ओळीपुढे मी तीन वर्षं "नाही" लिहीत आले होते. एकदा लाट मोठी आली, जाळं अडलं, सगळे जागच्या जागी ताण धरून उभे राहिले. तोही राहिला. मनगटावरचे जुने वण ताणलेल्या दोरीशेजारी स्पष्ट दिसत होते. मी घड्याळ लावलं होतं, पन्नास मिनिटांनी बघायचं सोडून दिलं.

जाळ्याची पिशवी वर आली, त्यात तारली आणि थोडे बांगडे. वाळूवर वाटे पडले. बाबूने आपल्या वाट्यापुढे उभं राहून वडिलांकडे बघितलं, त्यांनी हात केला, मग मासे पिशवीत भरले. शाळेत याच मुलाला मी दहा मणी ओवल्यावर वहीत चांदणी चिकटवून देत होते.

मला तिथे वाळूवर बसून आठवली ती टीच पद्धत. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी १९७२ मध्ये सुरू केलेली. ऑटिझम असलेल्या मुलापुढे काम ठेवताना चार गोष्टी न बोलता कळल्या पाहिजेत, असं ती सांगते: कोणतं काम, किती काम, संपलं हे कसं कळणार, आणि संपल्यावर काय. रापण या चारही प्रश्नांची उत्तरं स्वतःच देते. दोरी ओढायची. जाळं येईपर्यंत. जाळं आलं की संपलं. मग वाटा. आमच्या राख्यांना यातलं एकही उत्तर नव्हतं. एक ट्रे संपला की मी कौतुकाने दुसरा पुढे ठेवत होते. जो चटकन काम करेल त्याला जास्त काम, हा मोठ्यांच्या ऑफिसातला नियम मी मुलांच्या खोलीत आणला होता. २१ ऑगस्टच्या नोंदीत "आधीचा गठ्ठा नुकताच संपवला होता" हे शब्द होतेच की.

बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेची एफएसीपी ही, मुलाला काय काय येतं ते नोंदवायची, तपासणीसूची आम्ही वापरतो. वैयक्तिक, सामाजिक, शैक्षणिक, व्यावसायिक आणि मनोरंजन अशी तिची पाच अंगं, आणि १५ ते १८ वयासाठी पूर्वव्यावसायिक गट. सूची चांगली आहे. दोष भरणाऱ्याचा. व्यावसायिक अंग मी शाळेच्या चार भिंतींत बसून भरलं होतं, आणि घरी विचारताना "अंघोळ स्वतः करतो का, ताट उचलतो का" एवढंच विचारलं होतं. सुट्टीत तो काय करतो हे सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही. वडिलांनीही सांगितलं नाही, कारण त्यांच्या लेखी ते सांगण्यासारखं काही नव्हतं. मुलगा बापाबरोबर दर्यावर जातो, त्यात काय सांगायचं?

ऑक्टोबरपासून आम्ही असं केलं. चालकाने गॅरेजमधून जुना टायर आणला, त्याला सुंभाची जाड दोरी बांधली. मागच्या माडांखाली पडलेले नारळ टायरमध्ये भरून खळ्यापर्यंत ओढत आणायचे, पडवीत रचायचे. टायर रिकामा झाला की काम संपलं. रोज तीन खेपा, त्याहून एकही जास्त नाही. नारळ संपले तर विटा. त्यानंतर बसून आमसुलांची पाकिटं भरणं: ताटात पाच रिकाम्या पिशव्या, पाच भरल्या की ताट रिकामं. पाचाची सहा करायची नाही, ऑर्डर बोंबलली तरी.

दोरी ओढण्याने मेंदू शांत होतो, संवेदनांचं संतुलन साधतं, असं आमच्या क्षेत्रात बरेच जण ठामपणे सांगतात. मी सांगणार नाही. संवेदी एकात्मता उपचाराचा पुरावा मर्यादित आहे असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ मध्येच म्हटलं होतं. बाबूला टायर आवडतो, त्यात तो तरबेज आहे आणि ते काम संपतं. मला एवढं पुरे.

दुसरं होतं कार्डाचं. "संपले" असं छापलेलं, तळहाताचं चित्र असलेलं कार्ड आमच्याकडे दोन वर्षं होतं आणि बाबूने ते कधी उचललं नव्हतं. आम्ही ते दाखवून "संपलं का?" विचारायचो. त्याच्या घरात काही संपत नाही, तिथे सगळं "जाला" असतं. जेवण जाला, न्हाण जाला. नवीन कार्डावर रिकाम्या टायरचा फोटो लावला, आणि दाखवताना सगळ्यांनी "जाला" म्हणायचं ठरलं, मीसुद्धा. कार्ड दिलं की त्या क्षणी काम थांबवायचं, ताट अर्धं असलं तरी. पहिल्या आठवड्यात त्याने ते इतक्यांदा दिलं की आमसुलं ताटातच राहिली. सहकारी बाई म्हणाल्या, हा आता कामच करणार नाही. तिसऱ्या आठवड्यापासून तो पाच पिशव्या भरून मग कार्ड द्यायला लागला.

वाट्यावरून मात्र शाळेच्या समितीत वाजलं. पाकिटांच्या विक्रीतून मोठ्या सहा मुलांना आठवड्याला काहीतरी हातात द्यावं असं मी मांडलं. खजिनदारांना ते हिशोबात कुठे बसवायचं कळेना. शेवटी वीस-वीस रुपये ठरले. पाच मुलं खूश. बाबूने नोट पडवीत ठेवली आणि रचलेल्या ढिगातला एक नारळ उचलून व्हॅनमध्ये जाऊन बसला. तेव्हापासून त्याला दर शुक्रवारी नारळ. खजिनदारांनी ती नोंद "किरकोळ" खाली टाकली आहे.

रापणीवर जाण्याबद्दलही वडिलांशी बोलणं झालं. पंधरा वर्षांचा मुलगा, आणि २०१६ च्या बालकामगार कायद्याच्या दुरुस्तीनंतर १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर लावता येत नाही. सुट्टीच्या दिवशी, वडील शेजारी असताना, फक्त किनाऱ्यावर, होडीत नाही आणि गुडघ्यापलीकडे पाण्यात नाही, असं ठरलं. वडिलांनी ऐकून घेतलं. गुडघ्याचं त्यांना पटलं नसावं.

ऑक्टोबरमध्ये वहीत तीन नोंदी झाल्या, डिसेंबरमध्ये एकही नाही. मधला नोव्हेंबर वाईट गेला. दिवाळीनंतर सहकारी बाई रजेवर होत्या, त्यांच्या जागी आलेल्या बदली शिक्षिकेला मी कार्डाचं सांगितलं पण पाच पिशव्यांचं सांगायला विसरले. तिने प्रेमाने सहावी पुढे केली. बाबूने कार्ड दिलं, तिने ते हसून परत ठेवलं. त्याने पुन्हा दिलं, तिने "एकच रे" म्हटलं. मी मध्ये गेले आणि चावा माझ्या तळहाताला बसला. तिच्यावर रागवायचा मला काही अधिकार नव्हता. कार्ड एका बाईंशी चालतं आणि दुसरीशी नाही, तर मुलासाठी ते कार्ड नसून नुसता पुठ्ठा आहे. आता ते कसं वापरायचं हे व्हॅनच्या चालकासकट सगळ्यांसाठी दारामागे लिहून लावलं आहे.

अठरानंतर काय, हे वडिलांनी एकदाच विचारलं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागेल, त्याचे कागद आत्तापासून जमवतो आहोत. कामाचं काय, याला त्यांचं उत्तर तयार आहे, माझं नाही.

चावा बसलेली ती मुलगी परत आली नाही. सभेनंतरच्या सोमवारी तिच्या आईने नाव काढलं, पटावर एकवीस राहिली. तिला बाबूच्या शेजारी मीच बसवलं होतं, कारण मणी ओवण्यात तिचा हात सगळ्यांत जलद होता आणि तिचं बघून तो करेल असं मला वाटलं होतं. जानेवारीत तिच्या घरी दोनदा जाऊन आले. बाबूचं वेळापत्रक वेगळं आहे, हातकाम आता दोन खोल्यांत चालतं, हे सगळं सांगितलं. आईने चहा दिला. मुलगी माझ्या पिशवीतली मण्यांची डबी काढून ओटीवर बसली आणि मी निघेपर्यंत ओवत राहिली. पाठवते असं आई म्हणाली नाही. पाठवणार नाही असंही म्हणाली नाही. डबी मी तिथेच ठेवून आले.